मे महिन्यात भरलेली कांद्याची गोणी दसऱ्यापर्यंत का टिकत नाही

प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये. एप्रिल-मेमध्ये आपण ५० किलोची उन्हाळ कांद्याची गोणी घरात आणतो, म्हणतो आता दिवाळीपर्यंत बघायला नको, आणि जुलै संपता संपता घरात तो वास सुरू होतो. आधी वाटतं सिंकचा वास आहे, मग वाटतं उंदीर मेला, आणि गणपतीच्या साफसफाईला गोणी हलवली की खालून काळं पाणी. नेमका तेव्हाच बाजारात भाव चढायला लागलेला असतो. म्हणजे १८ रुपयांचा फेकायचा आणि ५० चा विकत आणायचा, दरवर्षी, न चुकता.

मी नाशिकच्या सिडकोत राहते, माहेर निफाड तालुक्यातलं, दादाचा दोन एकर कांदा आणि वीस टन कांदा साठवायची चाळ आहे. त्यामुळे मला हा प्रॉब्लेम दोन्हीकडून दिसतो, माझ्या किचनमधून पण आणि त्याच्या चाळीतून पण. आणि खूप वर्षं बघितल्यावर माझं मत असं झालंय की घरात जे चुकतं तेच देशपातळीवर चुकतं, कांदा टिकवायचा कसा ह्याच्याकडे कोणी बघत नाही, सगळे भावाकडेच बघतात. पण आधी गोणीचं बघू, कारण ते आपल्या हातात आहे.

२०२१ ला मी पहिल्यांदा वजनकाटा घेऊन बसले. ५० किलोची गोणी ९०० रुपयांना घेतली होती, त्यातला सप्टेंबरपर्यंत १८ किलो फेकला. म्हणजे खाल्ला ३२ किलो, ९०० भागिले ३२ केलं तर २८ रुपये किलो पडला. स्वस्त म्हणून भरलेला कांदा आणि किरकोळीत आठवड्याला दोन-दोन किलो आणलेला कांदा ह्यात काहीच फरक राहिला नाही, उलट घरभर वास आणि चिलटं फुकट. तेव्हा आईला फोन केला तर ती एकच वाक्य बोलली, "अगं गोणी बघून घेतलीस का भाव बघून?" तिथून शिकत गेले.

सडणं म्हणजे एकच गोष्ट नाही हे आधी समजून घ्या, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कांदा उघडून बघा. वरच्या टरफलाखाली काळी पावडर दिसत असेल, हाताला काजळ लागल्यासारखं, तर ती काजळी, म्हणजे काळी बुरशी. उष्णता आणि दमटपणा एकत्र आला की ती येते. वरचे एक-दोन पापुद्रे काढून आतला कांदा कोरडा आणि घट्ट असेल तर धुऊन वापरता येतो, आत गेली असेल तर टाका. मान मऊ पडलीये, दाबल्यावर पाणी येतंय आणि तो घाण वास, तर ती ओली सड. तो कांदा वाचत नाही आणि शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो, म्हणून त्याला त्याच दिवशी बाहेर काढायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. तिसरं म्हणजे कोंब. कोंब फुटलेला कांदा सडका नाही, खाता येतो, पात पण चिरून झुणक्यात घालता येते, फक्त तो आता आतून पोकळ आणि मऊ होत जाणार म्हणून आधी संपवायचा. आणि चौथं म्हणजे नुसता वाळून हलका झालेला, तो तर प्रॉब्लेमच नाही, पाणी उडालं एवढंच.

वेळ पण लक्षात ठेवा. जून-जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओली म्हणून सड जास्त, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा गार झाली आणि कांद्याची झोप संपली की कोंब जास्त. जुलैत वास येतोय तर तुमच्या घरातल्या हवेचा प्रॉब्लेम आहे किंवा घेतानाच कांदा ओला होता. ऑक्टोबरात कोंब येतायत तर काही चुकलेलं नाही, कांद्याचा तो स्वभाव आहे, तेवढे दिवस टिकवलात हेच खूप.

आता सगळ्यात मोठी चूक, जी दुकानातच होते. आपण रंग बघतो, साईज बघतो, भाव बघतो. बघायची असते मान. ज्या कांद्याची मान बारीक, सुकलेली आणि मिटलेली आहे तो टिकतो. जाड मानेचा, अंगठ्याने दाबल्यावर वरून लिबलिबीत लागणारा कांदा कितीही लालबुंद असला तरी साठवणीचा नाही. त्याला शेवटी शेवटी युरिया जास्त पडलेला असतो, नाहीतर माना पडायच्या आधीच उपटलेला असतो. शेतात साधारण निम्म्या रोपांच्या माना आडव्या पडल्या की कांदा काढायला आला म्हणतात, त्याच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडायचं, उपटल्यावर तीन-चार दिवस पातीसकट शेतातच सुकवायचा, एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल असा पसरून म्हणजे ऊन थेट कांद्याला लागत नाही, मग बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवून पात कापायची, आणि परत दहा-बारा दिवस सावलीत ढीग. एवढं सगळं झालेला कांदा गोणीत हात घातला की खळखळ वाजतो. घाईत काढलेला वाजत नाही. आई डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगते.

जोड कांदा नको, म्हणजे एका टरफलात दोन. डेंगळा पण नको, ज्याच्या मध्यातून फुलाचा दांडा आलेला असतो, तो मधूनच सडतो. साईज मध्यम घ्या, हॉटेलवाल्यांना लागतो तसा मोठा नको. गोल्टी म्हणजे लहान कांदा स्वस्त मिळतो, सोलायला त्रास आहे पण घ्या थोडी, लगेच वापरायला. आणि गोणी शिवलेली असेल तर ओतून दाखवा म्हणायचं. लाजायचं नाही. वरचे दहा किलो सगळेच चांगले लावतात.

दुकानदाराला दोन प्रश्न विचारा, काढून किती दिवस झाले आणि काढल्यावर पाऊस लागला का. हा दुसरा प्रश्न आता फार महत्त्वाचा झालाय. २०२५ ला मे महिन्यातच पावसाने गाठलं, २६ मेला तर मान्सून मुंबईत पोचला होता, आपल्याकडे कितीतरी लोकांचा कांदा शेतात नाहीतर खळ्यावर भिजला. दादाने ताडपत्र्या टाकल्या तरी कडेचा ढीग ओला झालाच. असा भिजलेला कांदा दोन दिवस उन्हात टाकला की वरून एकदम कोरडा दिसतो आणि महिन्याभरात आतून बसतो. त्या वर्षी मी पूर्ण गोणी भरलीच नाही, २० किलो घेतला आणि बाकीचा लागेल तसा आणला. कुठल्या वर्षी भरायचा नाही हे कळणं पण ह्यात येतं.

अजून एक, नावाचा घोळ. उन्हाळ कांदाच साठवायचा. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो तो खरिपाचा लाल, त्याच्यामागून जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो रांगडा. लाल कांदा दिसायला सुंदर, चवीला तिखट, पण महिना काढला तरी पुष्कळ. दिवाळीनंतर स्वस्त झाला म्हणून लाल कांद्याची गोणी भरणारे लोक मी बघितलेत आणि संक्रांतीला त्यांची गोणी पण बघितलीये. हा मुद्दा डोक्यात ठेवा, खाली परत लागणार आहे.

आता घरातली जागा. गोणी ज्या अवस्थेत आली त्याच अवस्थेत ओट्याखाली ढकलायची, ही सगळ्यांची पद्धत. ओट्याखाली सिंकचा पाईप, दमट अंधार, हवा शून्य. वर बटाट्याची टोपली पण तिथंच. बटाटा स्वतः ओलावा सोडतो, दोघं एकत्र ठेवले की दोघं लवकर जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. फ्रिजमध्ये पण नको, घरच्या फ्रिजमध्ये ओल असते आणि तिथून बाहेर काढला की लगेच कोंब येतो. माळ्यावर पत्र्याखाली ठेवला तर मे महिन्यात शिजतो.

मी काय करते ते सांगते. भाजीवाल्यांकडे असतात ते जाळीचे प्लॅस्टिक क्रेट, तसले तीन घेतले. गोणी आली की त्याच दिवशी जमिनीवर जुनी चादर टाकून सगळा कांदा ओतते, आणि तीन वाटे करते. जाड मानेचे, डाग असलेले, टरफल निघालेले हे पहिले खायचे. मधले दुसरे. आणि एकदम कडक, दोन-तीन पत्ती असलेले शेवटी. पत्ती म्हणजे वरची कोरडी साल, ती कांद्याचा रेनकोट आहे, म्हणून साफ करायच्या नादात सोलून काढू नका आणि धुवायचा तर विषयच नाही. क्रेट विटांवर ठेवते, भिंतीपासून वीतभर लांब, क्रेटमध्ये फूटभराच्या वर थर नाही. बाल्कनीत पावसाचा सपकारा येत नाही त्या कोपऱ्यात. सलग पाऊस लागला की दुपारी तासभर टेबल फॅन. नाशकात जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा हा पंखाच कांदा वाचवतो, विजेचं बिल वाढलं तरी फेकलेल्या कांद्यापेक्षा कमीच आहे. आणि दर रविवारी दहा मिनिटं हात फिरवून बघायचं, एक मऊ लागला की बाहेर. अलिबागचा पांढरा कांदा पातीच्या वेण्या घालून टांगतात त्याचं कारण पण हेच, प्रत्येक कांद्याला चारी बाजूंनी हवा.

दादाची चाळ म्हणजे हेच मोठ्या मापात. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून हवा, बाजूंना पट्ट्यांच्या फटी, आणि ढीग चार-पाच फुटांच्या वर नाही. एवढं करूनही चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के घट होते असं सगळीकडे धरलं जातं. वजन घटतं, सडतो, कोंब येतो. दादा दर पंधरा दिवसांनी बायका लावून चाळ निवडतो आणि त्याची मजुरी वेगळी. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्हाला जो कांदा ३० रुपयांना मिळतो, त्याच्यामागे एप्रिलपासून कुणीतरी रिस्क घेऊन बसलेलं असतं. माझी गोणी ह्या पद्धतीने आता ५० मधली सहा किलो जाते, ९०० भागिले ४४, साडेवीस रुपये पडतो. माझं भागलं. दादाचं नाही भागत, आणि ते का, हे आता बघा.

२०२३ चा ऑगस्ट. उन्हाळ कांदा चाळीत होता, चार महिने सांभाळलेला, घट सोसलेला, आणि भाव जरा कुठे वर येत होता. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. लासलगाव, पिंपळगाव बसवंत सगळीकडे लिलाव बंद, व्यापाऱ्यांचा विरोध, शेतकरी रस्त्यावर. मग तेव्हाचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री पीयूष गोयल यांनी सांगितलं की आणखी दोन लाख टन कांदा २४१० रुपये क्विंटलने घेऊ, बफर म्हणजे सरकारचा राखीव साठा तीनवरून पाच लाख टन. ग्राहकांना २५ रुपये किलोने कांदा विकायला सुरुवात झाली. मी ग्राहक आहे, मला २५ रुपयांचा कांदा नको आहे असं नाही. पण ज्याने कांदा टिकवला त्याच्यावरच ते शुल्क येऊन बसलं, ज्याने एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाने विकून टाकला त्याला काहीच फरक पडला नाही. मग पुढच्या वर्षी टिकवायचं कोणी?

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ७ तारखेचा आदेश. तेव्हा बाजारात कुठला कांदा होता? लाल. वर सांगितलं ना, महिना काढला तरी पुष्कळ. उन्हाळ कांदा असता तर माणूस म्हणाला असता थांबू दोन महिने, बंदी उठली की विकू. लाल कांद्याला थांबता येत नाही. भाव कोसळला तरी तो ट्रॉलीत भरून न्यावाच लागतो. दिल्लीत ज्यांनी हा आदेश लिहिला त्यांना महागाईचा आकडा समोर दिसत होता, पण कांदा कुठला आहे, तो किती दिवस जगतो, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. मार्चअखेरची मुदत होती, ती वाढली, आणि ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही ५५० डॉलर टनाची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मेला नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, भास्कर भगरे निवडून आले. इथं कोणाला विचारा, कारण सांगताना पहिला शब्द कांदाच येईल.

मग सप्टेंबर २०२४ ला विधानसभेच्या तोंडावर किमान किंमत काढली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून ते पण गेलं. आणि गेल्यावर भाव उठला का, तर नाही. मध्ये दीड-दोन वर्षं बाहेरचा खरेदीदार आज बंदी उद्या शुल्क ह्याला कंटाळून दुसरीकडे वळला, तो काय आपला आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी परत येणारे का. भाजीवाल्याकडे चार वेळा जाऊन कधी आहे कधी नाही ऐकलं तर आपण पण दुसरा भाजीवाला बघतोच ना.

हे फक्त एका पक्षाचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसं ते नाहीये. २०१० च्या डिसेंबरात भाव भडकल्यावर निर्यात थांबवली ती यूपीए सरकारने, आणि कृषिमंत्री शरद पवार होते, आपल्याच राज्याचे. १९८० ला इंदिरा गांधींच्या प्रचारात कांद्याचा भाव होता. १९९८ ला दिल्ली राज्यातली भाजपची सत्ता गेली त्यात कांद्याचा वाटा मोठा होता, आणि तेव्हापासून प्रत्येक सरकारला ही भीती बसलीये, की शहरातला ग्राहक ६० रुपयांच्या कांद्याने रागावतो. शेतकरी दोन रुपयांच्या कांद्याने रागावतो तो मात्र दिसत नाही. २०१८ ला निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते, किलोला एक रुपया चाळीस पैसे. तेव्हा चार दिवस चर्चा झाली. १०६४ रुपयांत आज आपलं एका आठवड्याचं वाणसामान येत नाही हो.

२०२० ची गोष्ट तर मला अजून समजत नाही. अत्यावश्यक वस्तू कायद्यातून कांदा-बटाटा मोकळा करतोय, साठवणुकीवर आता एरवी बंधन नाही, असं सांगणारं विधेयक ज्या आठवड्यात लोकसभेत मंजूर झालं, त्याच आठवड्यात, १४ सप्टेंबरला निर्यातबंदी आली. आणि ऑक्टोबरमध्ये स्टॉक लिमिट परत, घाऊकवाल्याला २५ टन, किरकोळवाल्याला २ टन. म्हणजे एका हाताने साठवा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने साठवलं का म्हणून विचारायचं.

माझ्या घरात हे सगळं एका फोनवर येतं. २०२४ च्या नोव्हेंबरात नणंदेचा ठाण्याहून फोन आला, वहिनी आमच्याकडे कांदा ७० झाला, तुमच्या नाशकात तरी स्वस्त असेल, तुमच्या दादाची तर चांदी असेल ह्या वर्षी. त्या मनाने वाईट नाहीत, दोन मुलं, एकाचा पगार, त्यांचं खरंच बजेट हललं होतं. मी त्यांना सांगितलं, ताई, दादाने चाळ ऑगस्टमध्येच फोडली, कांदा विकून टाकला, बँकेचा हप्ता होता आणि शुल्क परत वाढतं की काय ह्या धाकाने. ७० चा कांदा ज्यांच्याकडे आहे ते वेगळे आहेत. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या मग हे पैसे जातात कुठे. मला तेव्हा एवढंच सांगता आलं की ऑगस्ट ते नोव्हेंबर ज्याला थांबता आलं त्याच्याकडे. थांबायला पैसा लागतो, जागा लागते, आणि उद्या आदेश येणार नाही ह्याची खात्री लागते. तिन्ही गोष्टी शेतकऱ्याकडे नाहीत.

उपाय काय, तर गोणीला जो तोच. आधी निवडायचं, मग हवा द्यायची, मग दर आठवड्याला हात फिरवायचा. चाळीत किती कांदा आहे ह्याचा आकडा दर पंधरा दिवसांनी सरकारने उघड सांगावा, म्हणजे ऑगस्टमध्ये अचानक घाबरायला नको. निर्यातीचं जे काही करायचं ते लागणीच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाहीर करा आणि वर्षभर हात लावू नका, मग दादा किती लावायचा ते ठरवेल. कोंबाचं म्हणाल तर लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभं केलेलं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. गॅमा किरणांनी कांद्याला कोंब येत नाही, सड मात्र थांबत नाही, म्हणजे चांगला सुकवलेला कांदाच तिथं न्यावा लागतो. ते केंद्र लोकांना माहिती झालं २००७ ला आंबा अमेरिकेला जायला लागला तेव्हा. कांद्याच्या गावात कांद्यासाठी उभारलेलं केंद्र आंब्याने ओळखलं जावं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१८ च्या बजेटमध्ये टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी ऑपरेशन ग्रीन्सचे ५०० कोटी जाहीर झाले होते, साठवण आणि प्रक्रिया हाही त्याचा एक हेतू होता. २०२४ ला रेल्वेने लासलगावचा कांदा दिल्लीला नेला, तेही चांगलंच केलं, पण ती भाव चढल्यावरची पळापळ होती. चाळी आधी भक्कम केल्या असत्या तर एवढी पळापळ लागली नसती.

ग्राहक म्हणून आपण करण्यासारखं पण आहे. मे महिन्यात जमेल त्याने थेट शेतकऱ्याकडून घ्या, सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक पिकअप बोलावला तर शेतकऱ्याला बाजार समितीपेक्षा दोन-तीन रुपये जास्त आणि आपल्याला दुकानापेक्षा तेवढेच कमी पडतात. आमच्या बिल्डिंगमध्ये आता अकरा घरं आहेत. भाव भडकला त्या आठवड्यात दहा किलो आणून ठेवू नका, त्याने तो अजून भडकतो आणि तो कांदा नेमका ओला लाल असतो, टिकत पण नाही. तेव्हा फोडणीला निम्मा घाला, कोशिंबिरीत मुळा घ्या, तीन-चार आठवड्यांत नवीन आवक वाढली की उतरतो. आणि मत मागायला येतील त्यांना कांद्याचा भाव विचारू नका, सगळ्यांकडे त्याचं पाठ उत्तर आहे. साठवण विचारा. गेल्या पाच वर्षांत आपल्या तालुक्यात किती चाळी झाल्या, किती टनांच्या, अनुदान किती महिन्यांनी खात्यावर आलं. आमच्याकडे आले होते तेव्हा मी विचारलं होतं, सोबतच्या कार्यकर्त्याने नंबर लिहून घेतला, कळवतो म्हणाला. अजून फोन आला नाही, पण ह्या वेळी परत विचारणार आहे.

मागच्या रविवारी क्रेट बघत होते तेव्हा दादाचा फोन आला. चाळीत आठ टन राहिलाय, भाव क्विंटलला शंभर-दीडशेने सरकलाय, विकू का थांबू. मी विचारलं तळाच्या कांद्याला वास येतोय का. नाही म्हणाला. माना कोरड्या आहेत का. एकदम कोरड्या, वहिनीने परवाच निवडलाय. मग कांद्याच्या बाजूने थांबायला काहीच हरकत नव्हती, अजून महिनाभर आरामात निघाला असता. मी तोंडापर्यंत आलेलं थांब म्हणू शकले नाही. निम्मा काढ म्हटलं.